दोघांनाही कॅन्सर, घरात कोणी कोणाचं करायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार सगळ्यांना. लांबण लागेल, सांभाळून घ्या. आम्ही कऱ्हाडच्या बाजूचे, ह्यांचं वय ७१ माझं ६४. ह्यांना गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, तंबाखू तरुणपणापासूनची. मुंबईला ऑपरेशन झालं आणि आता कोल्हापूरला रेडिएशन चालू आहे, सोमवार ते शुक्रवार रोज. तोंड आतून सगळं सोललंय, नाकातून नळी आहे, पेज दूध जे काय ते त्यातूनच. ह्या सगळ्या धावपळीत माझ्या छातीत गाठ लागली, तीही कॅन्सरचीच. माझंही ऑपरेशन झालंय आणि आता केमो, पहिली चार लाल औषधाची दर २१ दिवसांनी, मग दर आठवड्याला अशी बारा.

नवऱ्याचं आजारपण काढायचं म्हटलं तर मी मागे हटणारी नाही हो, पण केमोनंतर मलाच उठवत नाही आणि मग हे नळी सांभाळत उठतात आणि माझ्यासाठी चहा टाकायला जातात, ते बघवत नाही. उलटी आली तर मी आधी नळ सोडते, आवाज जायला नको म्हणून. तेही लपवतात. रात्री तोंडाच्या दुखण्याने कण्हत असतात आणि मी कूस बदलली की एकदम गप्प. आणि जेवण... त्यांना तोंडाने घोटभर पाणी जात नाही आणि मी शेजारच्या खोलीत भाकरी खायची, घास उतरत नाही.

मुलगा पुण्यात, म्हणतो रजा टाकून येतो. सून नोकरीला, नातू शाळेत, त्यांचं घर मोडून इकडे कशाला असं वाटतं. मुलगी बंगळूरला, ती फोनवर रडते आणि मग मीच तिला समजावते. गल्लीतल्या एक बाई म्हणाल्या एका ताटात जेवता म्हणून लागलं असेल. ज्यांच्या घरी दोघं एकदम आजारी होते त्यांनी निभावलं कसं ते सांगा, पैशाचं पण सांगा.

वॉर्डातली
काकू, मी कॅन्सर वॉर्डला नर्स आहे. पहिलं म्हणजे कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, ना ताटातून ना जवळ झोपल्याने, त्या बाईंचं मनावर घेऊच नका आणि वेगळी भांडी वगैरे अजिबात सुरू करू नका.

दुसरं, काकांनी रात्री कण्हायचं काही कारण नाही. रेडिएशनमध्ये तोंड सोललं की ते दुखणं खूप असतं, त्यावर मॉर्फिनपर्यंत औषधं आहेत, नळीतून देता येतात, ती नीट देखरेखीखाली घेतली तर सवय लागेल ही भीती नको. उद्याच रेडिएशनच्या डॉक्टरांना सांगा की रात्रभर झोप नाही. काका सांगणार नाहीत, तुम्हीच सांगा. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून बऱ्याच वेळा, आणि तोंड उघडायचा व्यायाम शिकवला असेल तर दुखतंय म्हणून बंद करू देऊ नका, नंतर तोंड आखडतं.

तुमचं. केमो झाल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत थर्मामीटर उशाशी ठेवा, ताप १००.४ किंवा वर गेला तर रात्री दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका, पण दोन दिवस संडास-बाथरूमला पाणी जास्त टाका, तुमची उलटी कोणाला साफ करायला लागली तर ग्लोव्हज घालून.

आणि दोघांच्या गोळ्या वेगळ्या पिशव्यांत ठेवा, पिशवीवर नाव घाला. उलटीची गोळी सारखीच दिसते म्हणून ह्यांची त्यांना, असं घरोघरी होतं. काकांना शुगर असेल तर ते जास्तच महत्त्वाचं, कारण केमोबरोबर जी स्टेरॉइडची गोळी देतात तिने शुगर वर जाते. दोघांचे डॉक्टर वेगळे असतील तर दोघांनाही ठळक सांगा की घरात दुसराही पेशंट आहे. तुमची केमोची तारीख एखाद-दोन दिवस इकडेतिकडे करता येते का ते विचारता येतं, त्यांना माहीतच नसेल तर ते कसं करणार.

घाटमाथा
ताई, आमच्याकडे हेच झालं. माझ्या मिस्टरांना मायलोमा म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर आणि मला अंडाशयाचा, थोड्याच महिन्यांच्या अंतराने. म्हणून अगदी मोकळं बोलते, मुलाला येऊ द्या. तुम्ही म्हणताय त्याचं घर मोडेल, पण आत्ता तुम्ही दोघं एकमेकांच्या नर्स झालायत आणि दोघांनाही ते झेपत नाहीये. आमची मोठी नणंद येऊन राहिली आणि सगळ्यात मोठा फरक काय पडला, तर मिस्टरांच्या औषधाची वेळ चुकली का ह्याची जबाबदारी माझी राहिली नाही. नळीतून भरवायचं, गोळ्या, फाइली, रिक्षा हे तिसऱ्या माणसाचं. तुम्ही फक्त त्यांच्याजवळ बसायचं. हे फक्त बसणं आजारपणात आम्हाला मिळतच नव्हतं, कोण ना कोण सारखं उठत होतं.

लपवण्याबद्दल. नळ सोडून काही लपत नाही हो, चाळीस वर्षांच्या संसारात आवाजावरून कळतं. आम्ही एक ठरवलं होतं, रात्री दिवा मालवायच्या आधी एकमेकांना आजचं जे वाईट झालं ते सांगायचं, उपाय सुचवायचा नाही, समजूत काढायची नाही, नुसतं ऐकायचं. सुरुवातीला मिस्टर “ठीक आहे” एवढंच म्हणायचे, मग हळूहळू बोलायला लागले.

अजून एक सांगते जे कोणी बोलत नाही. एकाचा रिपोर्ट चांगला आला आणि दुसऱ्याचा नाही, असा दिवस येतो. माझा आला होता, त्यांचा नाही. मला आनंद दाखवता येईना. शेवटी तेच म्हणाले, अगं एवढं तरी नीट झालं, पेढे आण. तो दिवस आला तर चांगल्या बातमीची लाज वाटून घेऊ नका. आणि जेवा. तुम्ही नाही जेवलात म्हणून त्यांच्या घशाखाली काही उतरणार नाहीये, उलट त्यांना वाटेल माझ्यामुळे उपाशी राहतेय.

पेठेतला_मित्र
पैशाचं मी सांगतो, आईच्या वेळी सगळं पालथं घातलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, पण नीट वाचा, कुटुंबाला आहे, माणशी नाही. म्हणजे दोघांचा खर्च त्या एकाच रकमेतून जाणार. काका ७१ चे आहेत ना, मग त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ७० च्या वरच्यांना मिळकत न बघता वेगळं ५ लाखांचं कव्हर मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, आधार लागतं. काकांचं त्यात बसलं तर तुमच्या केमोसाठी फुले योजनेचे पैसे मोकळे राहतात. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि कोणत्या आजाराला, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या माणसाला, आधी विचारा, ऑपरेशननंतर विचारून उपयोग नाही.

चेकअपला मुंबईला जाताना रेल्वेची सवलत घ्या, हॉस्पिटलचा फॉर्म भरून आणला की पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. तुम्ही दोघंही पेशंट, दोघांचे वेगळे फॉर्म घ्या. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दोन्हीकडे गर्दी असते म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडे आधी जा. आणि बँकेचं खातं जॉइंट असलं तरी मुलाला एकदा बँकेत घेऊन जा, पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, तो त्याला शिकवून ठेवा.

कृष्णाकाठ
सगळ्यांना मनापासून नमस्कार. वॉर्डातली ताई, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी नवीन औषध दिलं आणि हे काल झोपले. मुलाला फोन केला, तो रविवारी येतोय, सून म्हणाली इकडचं मी बघते. वय वंदनाचं तो आल्यावर करतो. घाटमाथा ताई, तुमच्या मिस्टरांची तब्येत आता कशी आहे? विचारावं की नको असं वाटत होतं.

घाटमाथा
विचारा की ताई. ते दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटचे काही महिने बरंच बोललो आम्ही. मुलगा आला की नळीतून भरवायचं त्याला पहिल्याच दिवशी नर्सकडून शिकवून घ्या, भरवताना बसवून ठेवायचं आणि नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही, खोकला आला तर लगेच थांबवायचं. पुढच्या केमोची तारीख कळवा.