मदत हवी आहे: येळवसच्या रात्री अंगणात सगळ्यांना दाखवायला भुताच्या गोष्टींचे पिच्चर/सिरियल सुचवा

नमस्कार मंडळी, आमचं गाव औसा तालुक्यात. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा गोतावळा येणारय, दिवसभर रानात कोपीत भज्जी-उंडे-आंबील होईल आणि रात्री घरी आल्यावर अंगणातल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून भुताचं काहीतरी दाखवायचं ठरवलंय. पण एकच मोठा पिच्चर नकोय, एकात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात तसला पाहिजे, अँथॉलॉजी म्हणतात ती. आठ दिवस झाले शोधायलोय.

असलंच का पाहिजे ते सांगतो म्हणजे सुचवायला सोपं जाईल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. आमचं गाव थोडक्यात वाचलं, पण माळवदाखाली झोपायची कुणाची हिंमतच होईना, दगडमातीचं घर आणि डोक्यावर मातीचा एवढा थर. कितीतरी महिने सगळे अंगणात पत्र्याखाली झोपायचो. वाऱ्यानं पत्रा वाजला तरी लेकरं दचकून उठायची. मग आज्जीनं भुताच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. आधीच भ्यालेल्या लेकरांना ही अजून भुतं कशाला सांगती असं आई म्हणायची, पण अमावस्येला विहिरीवर पाणी शेंदणारी बाई कोण हे कळायची वाट बघता बघता आम्ही जमिनीला कान लावून पडायचं विसरून जायचो. एक गोष्ट संपली की आज्जी मिश्री लावायची, उठून थुंकून यायची, तोवर कुणी चकार शब्द काढायचं नाही, आणि मग म्हणायची, आता दुसरी. ती मधली शांतता मला लई आठवती. आज्जी जाऊन दोन वर्षं झाली.

म्हणून मला कुणीतरी सांगतंय आणि बाकीचे ऐकायलेत असा धागा असलेलं पाहिजे. 'डरना मना है' (२००३) आम्ही मागच्या साली बघितला, रात्री जंगलात अडकलेले सात दोस्त एकमेकांना गोष्टी सांगतात, सहा गोष्टी आहेत. त्यातली शिल्पा शेट्टीची सफरचंदाची गोष्ट झाल्यावर माझ्या पुतणीनं दोन दिवस सफरचंदाला हात लावला नाही, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही बरं का. असलंच पाहिजे. नेटफ्लिक्सवरचा 'घोस्ट स्टोरीज' (२०२०) मी एकट्यानं बघितला, चार दिग्दर्शकांच्या चार गोष्टी, त्यात दिबाकर बॅनर्जीची ओसाड गावातली गोष्ट, हलायचं नाही बोलायचं नाही असं ती दोन लेकरं सांगतात ती, खरंच भारी आहे, पण बाकीचं काका-काकूंसमोर लावता येत नाही. 'आहट' आणि 'झी हॉरर शो' आम्हा मोठ्यांना आवडतात पण आताची लेकरं ते मुखवटे बघून हसतात. रत्नाकर मतकरींची 'गहिरे पाणी' सगळ्यांना चालली असती, ती कुठं बघायला मिळती का तेही सांगा.

घाण सीन नकोत, कापाकापी नको. एकेक गोष्ट अर्ध्या तासाच्या आसपास बरी, लाईटचा भरवसा नाही. जुनं, काळंपांढरं, परदेशी काहीही चालेल.

प्रतिसाद १ (अंबाजोगाई): दादा, 'डेड ऑफ नाइट' लावा, १९४५ चा इंग्रजी आहे. एक आर्किटेक्ट एका घरी जातो तर तिथली सगळी माणसं त्यानं आधीच स्वप्नात बघितलेली, मग एकेक पाहुणा आपल्यावर गुदरलेलं सांगायला लागतो, म्हणजे तुम्हाला पाहिजे तसंच. दवाखान्यात पडलेल्या माणसाला खिडकीतून प्रेत न्यायची गाडी दिसती आणि गाडीवाला म्हणतो एकाची जागा आहे, पुढं काय होतं ते सांगत नाही, पण ती बघून मला एसटीत चढताना कंडक्टरच्या तोंडाकडं बघायची सवय लागली होती. बोलक्या बाहुलीवाल्याची शेवटची गोष्ट सगळ्यात वरची. गोल्फची मात्र पुढं ढकला, ती उगीच हलकीफुलकी आहे. भाषेचं म्हणाल तर मी आईसाठी सबटायटल मराठीत मोठ्यानं वाचतो, दहा मिनिटांत सवय होती.

प्रतिसाद २ (नांदेड): सत्यजित राय यांचा 'तीन कन्या' (१९६१) बघा भाऊ, त्यातली 'मणिहारा'. पडक्या वाड्याजवळच्या घाटावर मास्तर एका अनोळखी माणसाला दागिन्यांच्या नादी लागलेल्या बाईची गोष्ट सांगतो. बांगड्यांचा आवाज येतो तेव्हा अंगणात सगळे गप्प होतील. 'क्वायदान' (१९६४) पण आहे, जपानी, चार गोष्टी, तीन तासांचा, त्यामुळं अख्खा नका लावू, आंधळ्या होइचीची लावा. तो लढाईत मेलेल्या लोकांना रोज रात्री त्यांच्याच लढाईचं गाणं ऐकवायला जातो.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार, होइचीची तर आजच बघतो. ताई-दादा जे असाल ते, 'मणिहारा' एकटीच लावली तर चालती का, का आधीची बघावीच लागती?

प्रतिसाद २ (नांदेड): चालती की, तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत. सुरुवातीला बाहेरदेशी तर हीच गोष्ट वगळून दोनच दाखवल्या होत्या. तुम्ही हीच लावा, आणि ताई म्हणा.