मदत हवी आहे: चॉकलेट इम्पीरियल स्टाउटच्या शेवटी सोया सॉससारखी चव का येते?

नमस्कार मंडळी,

मेहुण्याने परदेशातून येताना इम्पीरियल स्टाउटच्या, म्हणजे काळ्या, जास्त अल्कोहोलच्या बिअरच्या, दोन बाटल्या आणल्या. एक उघडली, दुसरी अजून तशीच आहे. पहिलीच्या चवीतल्या काही गोष्टी मला उलगडत नाहीत आणि त्या कळल्याशिवाय दुसरी लगेच उघडावी की राखून ठेवावी, हे ठरत नाही. ब्रुअरीचं नाव देत नाही, कारण जे खटकलं ते बिअरचं आहे की साठवणीचं हेच मला ठाऊक नाही. लेबलवरचं सांगतो: ३३० मिली, अल्कोहोल १०.५ टक्के, बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), ओट्स, हॉप्स, कोको निब्ज (कोकोच्या बियांचे तुकडे), बाटलीत भरल्याचं वर्ष २०२१. मधल्या काळात ती कुठे, किती उन्हाळ्यात राहिली, हे मेहुण्यालाही सांगता येत नाही.

रंग पूर्ण काळा. ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला तरी आरपार काही दिसत नाही, फक्त कडेला तांबूस झाक. फेस गडद तपकिरी आला, पण लगेच बसला. फ्रिजमधून काढून थेट प्यायलो तेव्हा जळका कडवटपणा आणि अल्कोहोलची ऊब, एवढंच लागलं. वास जवळजवळ नाहीच. ग्लास तसाच टेबलावर ठेवला आणि जेवणाची तयारी होईपर्यंत अधूनमधून वास घेत राहिलो. तेवढ्या वेळात बिअर पार बदलली.

आधी कोको पावडरचा डबा उघडल्यावर येतो तो कोरडा वास. दुधाच्या चॉकलेटचा नव्हे, बिनसाखरेच्या कोकोचा. त्यामागून कडक काळी कॉफी, मग खारीक आणि काळे मनुके. आणि मग काकवी. याबाबतीत मी ठामपणे बोलू शकतो, कारण आमचं गुऱ्हाळ आहे. काहिलीत रस आटत आला की शेवटच्या टप्प्यावर सगळा खेळ थोड्या वेळाचा असतो. गुळव्याने काहिल वेळेत उतरवली नाही तर पाक आधी गडद होतो, भाजका वास धरतो आणि मग एकदम कडू पडतो. या स्टाउटमधला भाजकेपणा त्या कडू पडण्याच्या अगदी अलीकडे थांबलाय. किती नेमकं थांबवलंय! जिभेवर दाट, जवळजवळ तेलकट बसते. गोडी आधी, कडवटपणा नंतर, आणि घोट गिळल्यावरही कोको बराच वेळ मागे राहतो. मला ही बिअर मनापासून आवडली.

अडचण शेवटच्या चवीची आहे. ग्लास चांगला कोमट झाल्यावर कोकोच्या मागून खारट, सोया सॉससारखी चव येते. मटणाच्या अळणीत मसाला पडायच्या आधी जी खोल चव असते, साधारण त्या बाजूची. वाईट म्हणवत नाही, पण चॉकलेटच्या बिअरमध्ये ती का यावी? मुरल्याची खूण की बिघडल्याची?

दुसरं म्हणजे, हे चॉकलेट नक्की येतं कुठून? कोको निब्जमधून, की माल्टमधूनच? काही स्टाउटच्या नावात चॉकलेट असतं आणि घटकांत कोको नसतो असं वाचलंय.

आणि उरलेल्या बाटलीचं काय करू? कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये घरातली कपाटंसुद्धा तापतात. असल्या बिअर वर्षानुवर्षं ठेवतात म्हणे, पण ते थंड तळघरांच्या देशांत. सासरे यायचेत, त्यांच्याबरोबर प्यावी असं मनात आहे, म्हणून सोबत खायला काय ठेवावं तेही सुचवा.

प्रतिसाद

मी पुण्यात ब्रूइंगमध्ये काम करतो. तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की उत्तर देणं सोपं झालं.

चॉकलेटपासून सुरू करतो. चॉकलेट माल्ट नावाचा एक प्रकार असतो. त्यात कोको नसतो, बार्लीचा माल्ट चॉकलेटच्या रंगावर येईपर्यंत भाजलेला असतो. कोकोचे दाणे भाजताना ज्या प्रक्रियांनी वास तयार होतो, बऱ्याचशा त्याच माल्ट भाजतानाही घडतात, म्हणून वास जुळतो. ब्रुकलिन ब्रुअरीची ब्लॅक चॉकलेट स्टाउट १९९४ पासून निघते, तिच्यात चॉकलेट अजिबात नाही, सगळं माल्टचं काम. उलट यंग्ज डबल चॉकलेट स्टाउटमध्ये चॉकलेट माल्टही असतो आणि खरं डार्क चॉकलेटही, पण ती ५.२ टक्क्यांची, म्हणजे इम्पीरियल नव्हे. माल्ट असा काळाभोर भाजता येऊ लागला तो डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये भाजणीच्या ड्रमचं पेटंट घेतलं तेव्हापासून. त्याआधी १८व्या शतकात लंडनच्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतून कॅथरीन राणीच्या रशियन दरबाराला कडक स्टाउट जायची, तिची चव आजच्यापेक्षा बरीच वेगळी असणार.

तुमच्या बाटलीत दोन्ही आहे. नाकाला आलेला कोको पावडरचा कोरडा वास बहुतेक निब्जचा, आणि कॉफी, भाजकी कडा माल्टची. निब्जमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असते आणि चरबी फेसाला मारक. फेस लवकर बसण्यामागे तेही असू शकतं, जास्त अल्कोहोलही.

आता सोया सॉस. बाटलीत तळाशी राहिलेलं यीस्ट कालांतराने मरतं आणि त्याच्या पेशी फुटतात. त्याला ऑटोलिसिस म्हणतात. पेशींमधली अमिनो आम्लं, त्यात ग्लुटामेटही, बिअरमध्ये उतरतात. सोया सॉसची खोल चव मुख्यतः ग्लुटामेटचीच, आणि तुमच्या अळणीतही त्याचा वाटा असतो, म्हणजे तुमची जीभ बरोबर ठिकाणी पोचली. जास्त अल्कोहोल आणि उष्णता, दोन्हींनी हे लवकर होतं. खारीक-मनुके हे काही अंशी माल्टचे, काही अंशी हवेतल्या ऑक्सिजनमुळे मुरल्याचे. थोड्या प्रमाणात हे दोन्ही चालतं, काहींना आवडतंही. पण ओल्या पुठ्ठ्याचा वास किंवा दह्यासारखा आंबटपणा असेल तर गोष्ट वेगळी. तसं काही होतं का?

उरलेली बाटली माझ्या मते ठेवू नका. आत्ता कोको आणि ती खारट चव यांचा तोल टिकून आहे. पुढे कोको कमी होईल, खारटपणा वाढेल. सासरे येईपर्यंत फ्रिजमध्ये उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. बरंचसं मृत यीस्ट तिथेच असतं, त्यामुळे पहिल्या बाटलीपेक्षा चव स्वच्छ लागेल. प्यायचं तापमान १२ ते १४ अंश. आपल्या हवेत फ्रिजबाहेर २० मिनिटं पुरे.

प्रतिसाद

खाण्याचं मी सांगतो भावा, मी पण कोल्हापूरचाच. मिसळ किंवा तांबडा रस्सा याच्याबरोबर अजिबात नको. १० टक्क्यांचं अल्कोहोल तिखट आणखी भडकवतं आणि मग कोकोही कळत नाही, रस्साही नाही. चंदगडचे काजू तुपावर भाजून किंचित मीठ लाव. खारट काजूने बिअरची गोडी पुढे येते. जेवणानंतर प्यायची असेल तर साधं व्हॅनिला आइस्क्रीम, दुसरं काही नको. पेढे-बर्फी ठेवू नकोस, तेवढ्या साखरेपुढे बिअर नुसती कडू लागते.

आणि सासऱ्यांना आधी सांग, ही आपल्याकडची बिअर नव्हे. ३३० मिलीत १०.५ टक्के म्हणजे ५ टक्क्यांच्या दोन पाइंटपेक्षा (आपल्याकडच्या ३३० मिलीच्या) जास्त अल्कोहोल. एक बाटली दोघांत रग्गड झाली, आणि नंतर गाडी काढायची नाही. इकडे दुकानात का मिळत नाही विचारतील, तर आपल्या अन्नसुरक्षा मानकांत बिअर ८ टक्क्यांपर्यंतच बसते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आंबटपणा नव्हता, पुठ्ठ्याचा वासही नव्हता. मनुक्यांच्या बाजूला किंचित शेरी वाइनसारखं काहीतरी होतं, ते ऑक्सिजनचं असावं हे आता कळलं. ग्लुटामेटचं उत्तर वाचून फार बरं वाटलं, कारण मटणाच्या अळणीचं नाव घ्यावं की नाही असा विचार पोस्ट लिहिताना करत होतो.

बाटली फ्रिजमध्ये उभी केली आहे. काजू चंदगडचेच आणतो. एक शेवटची शंका: आमच्या फ्रिजच्या दाराला सतत उघडझाप असते आणि तिथे दिवाही लागतो. आत मागच्या बाजूला आडवी जागा आहे, उभी फक्त दारात मावते. यातलं कुठलं बरं?

प्रतिसाद

बाटली तपकिरी काचेची असेल तर तेवढ्या दिव्याची काळजी नको. दारातच, पण उभी. ती हलणं टाळायचं असेल तर दाराचा सगळ्यात खालचा कप्पा द्या आणि उघडायच्या दिवशी सकाळपासून त्या दाराला घरच्यांना जरा हळू हात लावायला सांगा.