व्यापार करार आणि यंदाचे उमेदवार: कोजागिरीला अर्धवट राहिलेली चर्चा

नोव्हीहून (मिशिगन), २० ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी,

काल मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात मसाला दूध आटेपर्यंत आमच्या कोपऱ्यात जो विषय निघाला, तो घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते आहे. यंदा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मी पहिल्यांदाच मत देणार आहे. नागरिकत्वाचा शपथविधी मार्चमध्ये झाला. त्यामुळे जे काही करायचं ते समजून-उमजून करावं असं फार वाटतं.

आमच्या घरातली चूल गाडीच्या सुट्या भागांवरच पेटते. नवऱ्याच्या कंपनीचा जवळजवळ निम्मा माल मेक्सिकोतून येतो. आणि मला कळत नाही ते हे : ट्रंप म्हणतात, नाफ्टा (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार) हा सर्वांत वाईट करार होता, तो मी मोडला आणि त्याच्या जागी तिन्ही देशांचा नवा करार, यूएसएमसीए, आणला. आता १० तारखेला डेट्रॉईटच्या इकॉनॉमिक क्लबमध्ये तेच म्हणाले की हा करार मी पुन्हा उघडणार. इकडे हॅरिस म्हणतात, या कराराविरुद्ध मत देणाऱ्या दहा सिनेटरांपैकी मी एक होते, आणि मीही तो पुन्हा उघडणार. ज्याने केला तोही नाखूश, जिने विरोध केला तीही नाखूश. मग आपण निवडायचं कशावर?

कुणी नीट समजावून सांगेल का? राग-लोभ नको, माहिती हवी आहे.

*

कँटनहून, २० ऑक्टोबर

अगं, यात समजावण्यासारखं काय आहे? मी १९८६ पासून इथे आहे. नाफ्टा आला आणि कारखाने गेले. आमच्या गल्लीतली तीन घरं माझ्या डोळ्यांदेखत बँकेने घेतली. चीनशी करार केला तेव्हा उरलंसुरलं गेलं. दोन्ही पक्षांनी मिळून केलं हे सगळं, आणि आता दोघंही आम्हीच वाचवणार म्हणून दारात उभे. माझा कुणावरच विश्वास नाही. पण निदान जकात (आयातीवरचा कर) लावीन असं जो उघडपणे म्हणतो तो काहीतरी करेल असं वाटतं.

काकू

*

ट्रॉयहून, २१ ऑक्टोबर

नमस्कार,

काकूंनी लिहिलेलं दुःख खरं आहे, त्यातला एकही शब्द मी खोडणार नाही. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्याशिवाय उमेदवारांचं बोलणं तपासता येणार नाही. पत्र लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी चीनचं. चीनशी अमेरिकेचा मुक्त व्यापार करार कधीच झालेला नाही. २००० साली काँग्रेसने चीनला कायमस्वरूपी सामान्य व्यापारी दर्जा दिला, म्हणजे इतर बहुतेक देशांइतकीच कमी जकात. हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, तो ठराव २३७ विरुद्ध १९७ मतांनी आला होता. मग डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला. फर्निचर, खेळणी, कापड, इलेक्ट्रॉनिक्स यांच्या कारखान्यांवरची मोठी लाट त्यानंतरची आहे. म्हणून उमेदवार जेव्हा नुसतं ‘व्यापार करारांनी नोकऱ्या नेल्या’ म्हणतो, तेव्हा विचारावं : कोणत्या करारांनी?

आता नाफ्टाचं. बुश थोरल्यांनी सही केली डिसेंबर १९९२ मध्ये, मंजूर करून घेतला क्लिंटन यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये, आणि १ जानेवारी १९९४ पासून तो लागू झाला. हाउसमध्ये २३४ विरुद्ध २००. त्या २३४ मध्ये रिपब्लिकन १३२ आणि डेमोक्रॅट १०२ होते. म्हणजे डेमोक्रॅट अध्यक्षाचं विधेयक रिपब्लिकनांच्या जोरावर पार पडलं. आणि विरोधाची फळी कुणी सांभाळली? आपल्याच मॅकोंब काउंटीतले डेव्हिड बोनियर यांनी. ते तेव्हा हाउसमध्ये डेमोक्रॅटांचे व्हिप होते, म्हणजे स्वतःच्याच अध्यक्षाविरुद्ध उभे राहिले. बाहेरून अपक्ष नेते रॉस पेरो ओरडत होते की नोकऱ्या दक्षिणेकडे खेचल्या जाताना मोठा आवाज येईल. १९९२ च्या निवडणुकीत त्यांना १९ टक्के मतं पडली होती. तेव्हापासून आजतागायत ही भांडणरेषा दोन पक्षांच्या मधून न जाता दोन्ही पक्षांच्या आतून गेलेली आहे.

म्हणूनच उमेदवारांची भाषा निवडणुकीपुरती बदलते. फेब्रुवारी २००८ मध्ये क्लीव्हलँडच्या वादविवादात ओबामा आणि हिलरी क्लिंटन दोघंही म्हणाले, कॅनडा-मेक्सिकोला सांगू की नाफ्टा बदला नाहीतर आम्ही बाहेर पडतो. निवडून आल्यावर तसं काही झालं नाही. हिलरींनी २०१२ साली ॲडलेडमध्ये टीपीपीची (पॅसिफिक महासागराकाठच्या देशांशी होऊ घातलेल्या व्यापार कराराची) तोंडभरून स्तुती केली, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये, पक्षातले प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स अंगावर येत असताना, त्याच करारातून अंग काढून घेतलं. मार्च २०१६ ची मिशिगनची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) सँडर्सनी जिंकली, तीही सगळे अंदाज चुकवून. व्यापाराचा मुद्दा इथे किती जिवंत आहे ते सगळ्यांना त्या रात्री कळलं. नोव्हेंबरमध्ये ट्रंप यांनी मिशिगन १०,७०४ मतांनी घेतलं.

आता मुख्य प्रश्न, नोव्हीच्या ताईंचा. दोघंही करार पुन्हा उघडणार म्हणतात, तर फरक काय?

जानेवारी २०२० मध्ये सिनेटने यूएसएमसीए ८९ विरुद्ध १० ने मंजूर केला. हॅरिस त्या दहांत होत्या, सँडर्स आणि शूमरही होते. आपल्या मिशिगनच्या दोन्ही सिनेटरांनी, पीटर्स आणि स्टॅबेनाऊ यांनी, बाजूने मत दिलं. हॅरिस यांनी तेव्हा दिलेलं कारण प्रामुख्याने हवामान बदलाचं होतं. आज डेट्रॉईटमध्ये त्या कामगारांचं कारण पुढे करतात. दोन्ही खरी असू शकतात, पण क्रम बदललाय हे आपण लक्षात ठेवावं. ट्रंप यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी : नाफ्टा बदलू असं कित्येक जण बोलले, बदलला त्यांनी. आणि त्यात खरे बदल होते. जकात न भरता सीमा ओलांडायची तर गाडीतला ६२.५ टक्के माल तिन्ही देशांतला हवा, हे प्रमाण ७५ टक्क्यांवर नेलं. शिवाय गाडीच्या किमतीचा ४० टक्के, आणि पिकअपच्या ४५ टक्के, हिस्सा तासाला सरासरी किमान १६ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातून गेलेला हवा. ही मजुरीची अट म्हणजे कारखान्यांना मेक्सिकोकडे ओढणाऱ्या स्वस्त मजुरीवरच घातलेला घाव होता. मला ती मनापासून आवडली होती.

पण इथेच खरी मेख आहे, आणि सभेत ती कुणी सांगत नाही. परदेशी मोटारगाडीवर अमेरिकेची नेहमीची जकात फक्त अडीच टक्के आहे. पिकअपवर २५ टक्के. ती १९६४ पासून, युरोपशी कोंबडीच्या निर्यातीवरून झालेल्या भांडणातून आलेली. त्यामुळे करारातल्या अटी फारच कडक केल्या, तर मोटारगाड्या बनवणारा म्हणेल, जाऊ दे तो करार, मी अडीच टक्के भरतो. पिकअपवाल्याला मात्र करार सोडणं परवडत नाही. म्हणजे करार किती कडक करता येतो, हे बाहेरची जकात किती यावर ठरतं. ट्रंप यांचा रोख त्या बाहेरच्या जकातीवर आहे. सगळ्या आयातीवर दहा-वीस टक्के, चीनवर ६०, मेक्सिकोतल्या गाड्यांवर शंभर-दोनशे टक्के असे आकडे ते बोलतात. हॅरिस याला देशभर लागू होणारा विक्रीकर म्हणतात, वर्षाला एका घराला सुमारे चार हजार डॉलरचा. दोघांतला फरक हा आहे, आणि तो लहान नाही. २०२६ च्या जुलैत कराराची सहा वर्षांनी ठरलेली तपासणी आहे. तेव्हा खुर्चीत कोण असेल, त्यावर ही चर्चा जकातीची धमकी देऊन होईल की कामगार-पर्यावरणाच्या अटी वाढवून, ते ठरेल.

मंडळी, मी जकातीच्या विरोधात हट्टाने नाही. पण शंभर टक्के म्हणताना उमेदवाराने एकदा आमच्या कारखान्यातल्या लाईनवर उभं राहावं. मी २६ वर्षं वायरिंग हार्नेस (गाडीतल्या तारांचा जुडगा) बनवणाऱ्या एका सप्लायरकडे प्रोसेस इंजिनिअर होतो. हार्नेस कसा बनतो बघितलंय का? दरवाजाएवढी फळी, तिच्यावर तारांचा नकाशा डकवलेला आणि त्या नकाशावर खुंट्या. कामगार एकेक तार खुंट्यांतून ओवत नेतो, टोकाला कनेक्टर दाबतो, मग वरून टेप गुंडाळतो. तारा मऊ, वळणं भलतीसलती, म्हणून यंत्राला ते अजून पुरतं जमत नाही. हात लागतात. आणि जिथे हात स्वस्त तिथे ते काम जातं. २००३ साली आमची लाईन मेक्सिकोतल्या हुआरेझला गेली. फळ्या इथूनच ट्रकने पाठवायच्या होत्या. त्याआधी त्यांच्यावरच्या इंग्रजी सूचना खरवडून तिथे स्पॅनिश पट्ट्या चिकटवायच्या होत्या. ते काम आमच्याच कामगारांनी केलं, शेवटच्या दोन आठवड्यांत. मी शेजारी यादी घेऊन उभा होतो. बावीस वर्षं त्या फळीवर काढलेली एक बाई पट्टी सरळ लागली का म्हणून अंगठ्याने दाबून बघत होती. मी तिला काही बोलू शकलो नाही.

पुढे तिने आणि आणखी दोघांनी मिळून एक अर्ज भरला. ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, टीएए. केनेडींच्या काळात १९६२ च्या कायद्याने आलेली योजना : परदेशी व्यापारामुळे नोकरी गेली तर सरकार प्रशिक्षणाचा खर्च देणार आणि शिकेपर्यंत भत्ता देणार. तीन कामगारांनी सही केली तरी अर्ज चालायचा. त्यांचा मंजूर झाला. ती कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं गेली, मेडिकल बिलिंग शिकली. पगार पहिल्यापेक्षा कमीच मिळाला, पण घर राहिलं. सगळ्यांचं असं झालं नाही. पन्नाशीतल्या माणसाला बाकावर बसून पुन्हा शिकणं किती जड जातं ते मी पाहिलंय. तरी एक दार होतं.

ते दार १ जुलै २०२२ पासून बंद आहे. काँग्रेसने मुदत वाढवली नाही. आज कुणाची लाईन मेक्सिकोला गेली, तर कामगार खात्यात नवा अर्ज मंजूरच होऊ शकत नाही. दोन्ही उमेदवारांची इथली भाषणं मी लक्ष देऊन ऐकली. करार उघडू, जकात लावू, कारखाने आणू हे ऐकलं. या योजनेबद्दल एक वाक्य ऐकलं नाही. करार कुणीही केला, कसाही बदलला, तरी कुणाची तरी लाईन हलणारच. जकात लावली तरी हलणार, कारण इथे बनणाऱ्या गाडीत तिकडून येणारा माल महाग होतो. मला उमेदवाराकडून एवढंच ऐकायचंय की ज्याची हलेल त्याचं काय करणार.

काका

*

विंडसरहून, २१ ऑक्टोबर

काका, पत्र दोनदा वाचलं.

मी पलीकडचा, कॅनडाचा नागरिक, त्यामुळे मत नाही. पण रोज सकाळी बोगद्यातून डेट्रॉईटला कामावर येतो तो याच करारामुळे. टीएन व्हिसा, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोच्या नागरिकांना अमेरिकेत ठरावीक व्यवसायांत काम करायला मिळणारा, नाफ्टातून आला आणि यूएसएमसीएने तो तसाच ठेवला. नोकरीचं पत्र आणि पदवीचे कागद घेऊन सीमेवरच अर्ज केला, त्याच दिवशी काम झालं. माझा पुण्याचा वर्गमित्र, तेच शिक्षण, एच-वन-बीच्या लॉटरीत दोनदा राहिला. चिली आणि सिंगापूरशी करार झाले तेव्हा त्यांनाही व्हिसाचा वेगळा कोटा मिळाला, १,४०० आणि ५,४००. भारताशी असा करारच नाही. आपल्या लोकांत मुक्त व्यापार म्हटलं की फक्त मालाचा विचार होतो, माणसांच्या ये-जा करण्याची कलमंही त्यातच असतात.

आणि फेब्रुवारी २०२२ आठवा. ॲम्बेसेडर पूल ट्रकवाल्यांनी जेमतेम आठवडाभर अडवला, तर दोन्ही बाजूंच्या कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या. एवढं आपलं एकमेकांत गुंतलेलं आहे. करार उघडू असं कुणी सहज म्हटलं की आमच्या घरी जेवताना शांतता पसरते.

*

कँटनहून, २२ ऑक्टोबर

चीनचं माझं चुकलं, काकांनी दाखवून दिलं ते बरं झालं. पण काका, एक सांगू? तुम्ही आकडे बरोबर मांडलेत, तरी त्या वेळी आम्हाला आधीच कुणी सांगितलं असतं की काय होणार आहे, तर राग एवढा साठला नसता. सगळे म्हणाले सगळ्यांचं भलं होणार. आमच्या शेजाऱ्याला टीएए हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. अर्ज कुठे करायचा हे सांगायला कुणी आलं नाही, मत मागायला मात्र दोघंही आले. जकातीवर माझं मत अजून बदललेलं नाही. पण तुमचा शेवटचा प्रश्न मी लिहून फ्रिजवर लावलाय.

*

सचिवांकडून, २२ ऑक्टोबर

सर्वांना विनंती : आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, आहे, त्यामुळे मंडळाच्या नावाने कुणालाही मत द्या असं या यादीवर लिहू नये. वैयक्तिक मतं आणि माहिती चालेल. आतापर्यंतची चर्चा मर्यादेत आहे, ती तशीच ठेवावी. मुदतपूर्व मतदान शनिवारी, २६ तारखेला सुरू होतंय.

*

नोव्हीहून, २३ ऑक्टोबर

काका, काकू, विंडसरचे दादा, तिघांनाही मनापासून धन्यवाद.

काल संध्याकाळी एका पक्षाची स्वयंसेविका दारावर आली होती. वीस-बावीस वर्षांची असेल. मी तिला विचारलं, टीएए परत सुरू करण्याबद्दल तुमच्या उमेदवाराचं काय म्हणणं आहे? तिला काहीच माहीत नव्हतं. पण तिने खोटं काही सांगितलं नाही. अक्षरं कशी लिहायची ते विचारून हातातल्या फॉर्मच्या कडेला लिहून घेतलं आणि फोन नंबर मागितला. दुसऱ्या पक्षाचं कुणी आलं की त्यांनाही हेच विचारणार आहे.

नवऱ्याने काकांचं पत्र मोठ्याने वाचलं. फळीवरच्या पट्ट्यांपाशी आला तेव्हा थांबला. त्याच्या लाईनची टूलिंगची (साचे-हत्यारांची) यादी गेल्या महिन्यात मागवली गेलीय. कशासाठी ते कुणी सांगितलेलं नाही. काका, शनिवारी तुमच्याकडे थोडा वेळ येऊ का आम्ही दोघं?