‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा शेवटचा सीझन कुणाच्या पचनी पडला का?

मे 2019. सोमवारी सकाळी लवकर उठून बघत बसायचे, हातातला चहा गार व्हायचा. पाचव्या भागात घंटा वाजतात, शहर शरण येतं, तरी ड्रॅगनवाली राणी डेनेरिस ते जाळते. आठ वर्षं जिच्यावर जीव लावला, तिचं हे वळण दोन भागांत उरकलं. अजून सलतं. तुम्हाला पटलं?

– नाही. आधी सीझनला दहा भाग असायचे, इथे जेमतेम सहा. घाई नडली.

– तिचं मला पटलं. मीरीन शहरात तिनं गुलामांच्या 163 धन्यांना खांबांना खिळवलं होतंच की. पण जेमी? योद्धी ब्रिएनला नाइट करून (सरदारकीचा मान देऊन) तो पुन्हा सर्सीकडे, म्हणजे बहीण आणि प्रेयसी असलेल्या राणीकडे!

– (प्रश्न माझाच) हो, नाइट झाल्यावरचं ब्रिएनचं ते भरल्या डोळ्यांचं हसू! तेवढ्यासाठी दुसरा भाग परत लावते. पुढचे नाही लावत.