‘फक्त एक सॉकेट लागतो’ म्हणणाऱ्यांनी आधी मीटर रूम उघडून बघावी

स्टिल्टखालचा वायरमन

सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लेख फिरतोय, बहुतेकांकडे आला असेलच. सार एवढंच, की थोड्याच वर्षांत विजेची गाडी घरोघरी येणार, मोबाइलसारखी रात्री चार्जिंगला लावायची, त्याला ‘फक्त एक १५ अँपिअरचा सॉकेट’ लागतो आणि मुंबईत घोडं अडलंय ते म्हाताऱ्या कमिट्यांमुळे. कमिट्यांची वकिली मला करायची नाही. पण ‘फक्त’ हा शब्द लिहिणाऱ्याने आयुष्यात स्क्रू ड्रायव्हर धरलेला नाही, म्हणून हे लांबण.

घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गिझर चालतो तो वीस मिनिटं. गाडी तेवढाच करंट रात्रभर ओढते. ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर ३.३ किलोवॅटने दहा तास धरा, कारण दहा-बारा टक्के वीज वाटेत उष्णतेत जाते. प्लास्टिकच्या मॉड्युलर सॉकेटमधली पितळी पट्टी इतका वेळ तापली की ढिली पडते, ढिली पडली की जास्त तापते. प्लग काढून न्यूट्रलची पिन बघा. तपकिरी झाली असेल तर पुढचा नंबर सॉकेटच्या वितळण्याचा. इथे निळा इंडस्ट्रियल सॉकेट लागतो, झाकणवाला. मागे २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (जादा करंट आला की पडणारा, पण क्षणिक झटक्याला न पडणारा स्विच), आणि एमसीबी एकमेकांना चिकटवून बसवायचे नाहीत. बंद डब्यात एकमेकांना तापवतात आणि रात्री दोनला एकेक ट्रिप होत जातात.

आता वायर. मीटर रूम एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला, मध्ये ६० मीटर. तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम ओढली तर १५ अँपिअरला १३ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे २०० वॅट नुसती केबल तापवायला. ४ ची टाकली तर आठ व्होल्ट. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, हवा असेल तर ३२ अँपिअर आले, मग एवढ्या अंतराला १० स्क्वेअर एमएमच्या खाली उतरू नका.

आणि सगळ्यात वाईट प्रकरण अर्थिंगचं. जुन्या बिल्डिंगमधली अर्थिंगची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी खाऱ्या हवेने कधीच खाल्लेली असते. फ्रिज, टीव्ही मुकाट चालतात, गाडी चालत नाही. चार्जर आधी अर्थ तपासतो, नाही सापडला तर लाल दिवा. मग एखादा हुशार भाऊ सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. दिवा हिरवा, गिऱ्हाईक खूश. ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी गाडीच्या पत्र्यात फेज आलेला असेल.

शेवटचा मुद्दा लोडचा. २०० अँपिअर थ्री फेजची इनकमिंग, म्हणजे बिल्डिंगला येणारी मुख्य लाइन, जेमतेम १४० केव्हीए (ढोबळ किलोवॅटच समजा). अठ्ठावीस फ्लॅट, घरटी दोन एसी, वर लिफ्ट आणि पंप. त्यात दहा गाड्या एकदम लागल्या की आणखी ३३ किलोवॅट. कोणाच्या जिवावर?

किलोवॅट

अर्थिंग आणि सॉकेट याबद्दल शंभर टक्के सहमत. लोडचं गणित मात्र घाबरवायला केलेलं आहे.

मुंबईत गाडी रोज चालते ती ३५-४० किलोमीटर. एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले तर सहा युनिट, चार्जिंगमधली गळती धरून सात. दहा गाड्यांचे सत्तर युनिट. रात्री ११ ते सकाळी ६ या सात तासांत वाटले की सरासरी १० किलोवॅट. ३३ नाही, १०! तुम्ही दहाही गाड्या रिकाम्या बॅटरीने एकाच वेळी लावताय. मग अठ्ठावीस घरांचे गिझर एकदम लागले तर काय, हेही सांगून टाका.

वाटून देण्यासाठी फार काही लागत नाही. इनकमिंगवर करंट मोजणारे तीन सीटी बसवायचे, एक कंट्रोलर, आणि तो चार्जरना किती अँपिअर घ्यायचे ते सांगतो. एसी जोरात असताना प्रत्येकाला ६ अँपिअर, पहाटे एसी कट ऑफ व्हायला लागले की पूर्ण. ही कालची टूम नाही, चार्जिंगच्या मानकातच आहे.

स्टिल्टखालचा वायरमन

आहे ना मानकात. वॉलबॉक्सच्या मानकात. गाडीबरोबर येणारा १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर तुमच्या कंट्रोलरचं ऐकत नाही, त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. कॉन्टॅक्टरने, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचने, बंद करून तासाने परत चालू केला, तर काही गाड्या आपोआप सुरू होतात, काही नाहीत. सकाळी सातला मालक खाली येतो तेव्हा ४० टक्के. मग शिव्या कोणाला? कंट्रोलरला नाही.

आणि तुमची सरासरी घरची गाडी वापरणाऱ्या साहेबांची. ॲपवर टॅक्सी चालवणारा दिवसाला २०० किलोमीटर करतो, त्याला रात्रीत तीस-पस्तीस युनिट लागतात. त्याला ६ अँपिअर देऊन झोपवणार? सहा अँपिअर म्हणजे १.४ किलोवॅट. रात्रभरात दहा युनिट, पासष्ट किलोमीटर. दुपारी बाराला त्याचा धंदा बंद.

मानद सचिव

दोघेही हुशार, पण मुळात खांब कोणाचा यावर कोणी बोलत नाही. चार्जर लावायचा तो पार्किंगच्या जागेवर, आणि जागा सभासदाच्या मालकीची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की बिल्डर स्टिल्ट पार्किंग (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) वेगळं विकू शकत नाही, ती सामाईक जागा. ‘मी दहा लाख मोजलेत, माझ्या भिंतीला मी ड्रिल मारीन’ ही भाषा चालत नाही.

मुलुंडकर

आलं, पार्किंग आलंच. मुंबईत चंद्रावर यान उतरवण्याची चर्चा काढा, तिसऱ्या प्रतिसादात पार्किंग.

दहा लाखवाला

सचिव साहेब, तो निकाल मोफा, म्हणजे फ्लॅटविक्रीच्या राज्याच्या जुन्या कायद्याखालच्या बिल्डिंगचा आहे. रेरा आल्यावर ओपन पार्किंगचे पैसे घेता येत नाहीत, पण कव्हर्ड पार्किंग करारात नंबरासकट लिहून देतात. नव्या टॉवरमध्ये माझा पार्किंगच्या पी-२ मजल्यावरचा ११४ नंबर माझाच आहे. सगळ्यांना एका काठीने हाकू नका.

मानद सचिव

नव्या टॉवरचं बोलतच नाही. बोरिवली, विलेपार्ले, चेंबूर इथल्या तीन-चार मजली बिल्डिंगांचं बोलतोय, जिथे अठ्ठावीस फ्लॅट आणि चौदा जागा असतात. अशा ठिकाणी सोडत निघते. या वर्षी खांब तीन, पुढच्या वर्षी खांब नऊ. मग साठ मीटर केबल कोण उचलून नेणार? की केबल आहे म्हणून ती जागा कायमची त्याची? चार्जरच्या आडून जागा अडकवण्याचा हा राजमार्ग आहे आणि कमिट्या ‘अडवतात’ त्या यासाठी. ज्याच्याकडे गाडीच नाही तोही ‘भविष्यात घेणार आहे’ म्हणून पॉइंट मागतो!

दहा लाखवाला

आणि कमिटीतल्या पाचही जणांना सोडतीत दरवर्षी लिफ्टजवळचीच जागा लागते, त्याला काय राजमार्ग म्हणायचं?

मानद सचिव

पुरावा असेल तर उपनिबंधकांकडे जा. इथे चिखलफेक नको.

मुलुंडकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दुसऱ्या गाडीला जादा पार्किंग चार्ज आणि भाडेकरूला जागा द्यायची की नाही, हेही होऊन जाऊ दे.

किलोवॅट

भांडण बाजूला ठेवा, कारण सोडतीचा मुद्दा तांत्रिकच आहे आणि त्याला उत्तर आहे. प्रत्येकाने स्वतःच्या मीटरपासून स्वतःची केबल ओढणं हेच चुकीचं. चौदा जागांना चौदा केबली, वर्षभरात मीटर रूमच्या तोंडाशी नुसतं जंगल. त्याऐवजी सोसायटीने वीज कंपनीकडून गाड्यांसाठी वेगळं थ्री फेज कनेक्शन घ्यायचं. महाराष्ट्रात ईव्ही चार्जिंगचा दर-गट स्वतंत्र आहे. एक जाड आर्मर्ड (स्टीलचं कवच असलेली) केबल स्टिल्टच्या मध्यावरच्या पॅनेलपर्यंत, तिथून छताखालून ट्रे, आणि प्रत्येक खांबावर टॅप-ऑफ, म्हणजे चार्जर जोडायचा फाटा. ट्रे, केबल, पॅनेल सोसायटीचं, चार्जर सभासदाचा. सोडतीत जागा बदलली की चार बोल्ट सोडवा आणि डबा नव्या खांबावर लावा. बिल सब-मीटरने किंवा कार्डने.

स्वतःच्या मीटरवर घेण्यात आणखी एक गोची आहे. महिन्याला दोनशे युनिट वाढले की घरगुती बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, पेट्रोल वाचवलं त्यातलं थोडं तिथे परत.

स्टिल्टखालचा वायरमन

हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर माझी अर्धी बोटं वाचली असती. बरोबर आहे. फक्त वेगळ्या कनेक्शनला फिक्स्ड किंवा डिमांड चार्जही येतो, वापर कमी असला तरी द्यावा लागणारा. दोनच गाड्या असतील तर तो जड पडतो. पाच-सहा झाल्या की बसतं गणितात. आणि टॅप-ऑफ देताना आर, वाय, बी अशा तिन्ही फेजवर आळीपाळीने फिरवून द्या. सगळे पॉइंट आर फेजवर टाकून न्यूट्रल जाळलेली पॅनेलं या शहरात भरपूर आहेत. ॲल्युमिनियम केबल पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्टीवर (बसबारवर) बसवताना बायमेटॅलिक लग, म्हणजे दोन धातूंचं टोक, नाहीतर दोन पावसाळ्यांत जोड पांढरा पडतो.

चाळ नंबर सहा

तुमचं सगळं गाडीवाल्यांचं चाललंय. खरा बदल दोनचाकीत झालाय. जेवण आणि किराणा पोचवणारी मुलं भाड्याच्या विजेच्या स्कूटरवर फिरतात, ती राहतात चाळीत, बैठ्या घरात. त्यांना ना स्टिल्ट, ना सोडत. बॅटरी काढायची, खांद्यावरून वर न्यायची आणि दाराशी गॅलरीत लावायची. जिना लाकडी, बाहेर पडायची वाट तीच. पेटली तर वरच्या मजल्यावरच्यांनी जायचं कुठून?

किलोवॅट

भीती अवाजवी आहे. डिसेंबर २०२२ पासून एआयएस १५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाचे कडक नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले, त्यात पॅकची चाचणी, बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवून गरज पडली तर करंट तोडणारं सर्किट), सगळं आलं.

चाळ नंबर सहा

नियम नव्या पॅकला. बाजारात जुने सेल भरून बांधलेले पॅक मिळतात त्यांचं काय? आणि चार्जर? ४८ व्होल्टच्या पॅकला ६० चा चार्जर लावतात, कारण पिन सारखी असते. बीएमएस धड असला तर तोडतो, नसला तर सेल फुगतो. उन्हातून तीस ऑर्डर टाकून आलेली बॅटरी गरमागरमच चार्जिंगला लागते. तिला अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यायची असते, पण मुलाला संध्याकाळची शिफ्ट धरायची असते. इथे ‘सुरक्षित तंत्रज्ञान’ म्हणून भाषण देऊन काय होणार?

किलोवॅट

बरं, हे मान्य. त्यांच्यासाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रंच योग्य, घरी नेऊच नये. खुश?

चाळ नंबर सहा

अडीच मिनिटांत खुश व्हायला आम्ही काही कंट्रोलर नाही. केंद्रावर सात वाजता रांग लागते, कारण सगळ्यांची बॅटरी संध्याकाळच्या गर्दीतच संपते. चार्ज झालेले पॅक संपले की उभं राहा. त्या वेळेचे पैसे कोण देतं?

गॅरेज लाइन

कोणी आमचंही बोला. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही, टायमिंग बेल्ट नाही. रीजनरेशनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून वीज परत बनवते म्हणून, ब्रेक पॅडही दुप्पट टिकतात. आम्हाला उरलं सस्पेन्शन, व्हील अलाइनमेंट आणि टायर. गाडी जड आणि टॉर्क जास्त म्हणून टायर तेवढे लवकर झिजतात, ही काय ती मेहेरबानी. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलला हात लावायचा तर आधी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर उतरेपर्यंत कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं, एक हजार व्होल्टचे हातमोजे घालायचे आणि मीटरवर शून्य बघायचं. हे शिकवणार कोण? कंपन्या सॉफ्टवेअर उघडून देत नाहीत, त्यामुळे एरर कोड मिटवायलाही शोरूम.

मुलुंडकर

गॅरेज लाइनचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे आता त्यावर कोणी बोलणार नाही. माझा एकच प्रश्न. पावसात काय? हिंदमाता, सायन, अंधेरी सबवे, ही पाणी तुंबायची ठिकाणं. बॅटरी आयपी ६७, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी चालणारी असेल, स्टिल्टमधला सॉकेट थोडाच आहे?

स्टिल्टखालचा वायरमन

सॉकेट आणि डबा जमिनीपासून किमान सव्वा मीटर वर, आणि बिल्डिंगमध्ये २६ जुलैच्या पाण्याची खूण असेल तर तिच्याही वर. २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला होता, ‘इथे कधी पाणी येत नाही’ हे कोणी सांगू नये. डबा आयपी ६५, पाण्याचा फवारा आत न घेणारा. केबल वरून खाली उतरवा, डब्यात खालून शिरवा आणि आधी छोटा लूप सोडा म्हणजे थेंब आत जात नाही. आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरचा, आणि तो टाइप बी, डीसी गळतीही ओळखणारा, किंवा चार्जरमध्येच सहा मिलीअँपिअरची डीसी तपासणी असेल तर टाइप ए. घरातला साधा टाइप एसी इथे उपयोगाचा नाही, डीसी गळती आली की तो आंधळा होऊ शकतो, आणि सहा मिलीअँपिअरच्या वर नुसत्या टाइप एचाही भरवसा नाही. पाणी भरायला लागलं की आधी पॅनेलचा मेन पाडा, गाडीचा प्लग नंतर.

आणि साध्या कॉन्ड्यूटमधून वायर नेऊ नका. स्टिल्टमध्ये घुशी आहेत. आर्मर्ड केबल, डब्यात शिरताना तिला घट्ट धरणारी पितळी ग्लँड, आर्मर दोन्ही टोकांना अर्थ.

दहा लाखवाला

यांत्रिक पार्किंगवाल्यांनी काय करायचं? वरच्या पॅलेटवरची गाडी चार्जिंगला असताना खालच्याने बटण दाबलं तर?

स्टिल्टखालचा वायरमन

तर केबल तुटते किंवा गाडीचं सॉकेट उपटतं. प्लग लागलेला असताना मोटर फिरणार नाही असा इंटरलॉक हवा, आणि तो पार्किंगच्या सिस्टिमवाल्यानेच द्यायचा. बाहेरच्या वायरमनने त्याच्या पॅनेलमध्ये हात घातला तर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, रद्द. तो लेखी देत नसेल तर वरच्या पॅलेटवर चार्जर नको.

मानद सचिव

म्हणजे कमिटीने ‘नको’ म्हटलं की म्हातारी खोडं, आणि वायरमनने म्हटलं की तांत्रिक सल्ला.

किलोवॅट

वायरमन कारण सांगतोय, सचिव. तुमच्या पत्रात ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढंच असतं.

मानद सचिव

ठीक. लायसन्स्ड कॉन्ट्रॅक्टरकडून लोडचा रिपोर्ट आणा, सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो. खर्च मागणाऱ्यांनी वाटून घ्यायचा.

स्टिल्टखालचा वायरमन

रिपोर्ट म्हणजे एक दिवस दुपारी येऊन क्लॅम्प मीटर लावून काढलेला आकडा नाही, हे आधीच सांगतो. तिन्ही फेज आणि न्यूट्रलवर सतत नोंद घेणारा लॉगर लावायचा, आठवडाभर, तोही मे महिन्यात. डिसेंबरात घेतलेल्या आकड्यावर पॅनेल डिझाइन केलं तर किलोवॅट साहेबांचा कंट्रोलर एप्रिलपासून सगळ्यांना सहाच अँपिअर देत बसेल. अर्थ पिटचं, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याचं रीडिंगही त्याच उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीत घ्या. पावसात सगळेच पिट पास होतात. पाच ओहमच्या वर आलं तर नवा पिट, आणि तो बोअरवेलच्या कडेला खणू नका.

दहा लाखवाला

आणि लिफ्टजवळच्या जागांचं काय ठरलं?