इंग्रजी वाक्प्रचारातला घोडा डच अनुवादात ठेवावा का?

पाणचक्की (मूळ मांडणी)
इंग्रजी कादंबऱ्यांचे डच अनुवाद मुळाशी ताडून वाचताना माझे मत पक्के होत गेले आहे की, डचमध्ये स्वतःचा रुळलेला वाक्प्रचार असेल, तर अनुवादकाने इंग्रजी घोडा खुशाल सोडून द्यावा. वेळ निघून गेल्यावर केलेल्या उपायाला इंग्रज ‘घोडा पळाल्यावर तबेल्याचे दार लावणे’ म्हणतो, तर डच माणूस ‘वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवणे’ म्हणतो. बर्लिनच्या संग्रहालयात असलेल्या, ब्रॉयगेल या चित्रकाराच्या १५५९ सालच्या म्हणींच्या चित्रात तो फावडे घेऊन माती लोटणारा माणूस आजही दिसतो. आपल्याकडे हेच ‘बैल गेला नि झोपा केला’ होते. तीन भाषा, तीन जनावरे, हळहळ मात्र एकच. ‘जरा दमाने घ्या’ हे सांगायला इंग्रजीत घोडे आवरायला लावतात, तर डचमध्ये बांधणीच्या ओंडक्यांवरून घाईने पाण्यात सुटणाऱ्या जहाजाची प्रतिमा येते. ज्या समाजाचे आयुष्य पाण्याकाठी गेले, त्याच्या तोंडी जहाजच शोभते.

रानवारा
आपला नियम मला मान्य नाही. डच भाषेत घोड्यांचा दुष्काळ नाही: चुकीच्या घोड्यावर पैज तेथेही लागते, भूकही घोड्यासारखी लागते, आणि ‘विश्वास पायी येतो व घोड्यावरून जातो’ ही त्यांची म्हण तर फारच सुंदर आहे. त्याहून मोठा आक्षेप असा की, कथा तबेल्यात घडत असेल, रात्री घोडी पळालेली असेल आणि सकाळी मालक हातात कुलूप घेऊन तेच वाक्य बोलत असेल, तर तेथे बुडालेले वासरू आणणे म्हणजे लेखकाने रचलेला प्रसंगच मोडणे होय. तेथे वाक्य थोडे परके वाटले तरी चालेल, घोडा राहिलाच पाहिजे.

पाणचक्की
अशा प्रसंगी घोडा ठेवावा, हे मी मान्य करते. पण असे प्रसंग किती? एरवी बोलणाऱ्याला त्या शब्दांत घोडा ऐकूही येत नाही. ‘वरातीमागून घोडे’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे तरी वरात कोठे उभी राहते? अनुवादकाने घोडा जपला, तर मूळ वाचकाला न दिसलेले जनावर डच वाचकाच्या अंगावर येते.

टाचण
तुम्हा दोघांच्या वादात खरा धोका निसटतो आहे. घोडा दोन्ही भाषांत असतो, पण अर्थ सरकतो, तेथे अनुवादक फसतो. इंग्रजीतला ‘उंच घोड्यावर बसलेला’ माणूस स्वतःला इतरांहून श्रेष्ठ समजून उपदेश करतो. डचमधला ‘घोड्यावरून पलीकडे उचललेला’ माणूस मात्र लोकांनी नको तितके कौतुक करून बिघडवलेला असतो. खोगिरावर बसवताना इतका जोर लावला की तो दुसऱ्या बाजूला पडला, अशी ती कल्पना आहे. आपल्या हरभऱ्याच्या झाडाच्या ती जवळ जाते. एकाच्या जागी दुसरा घातला, तर दोष त्या माणसाकडून त्याच्या चाहत्यांकडे जातो आणि पात्रच बदलते.

रानवारा
हा मुद्दा मोलाचा आहे, आणि तो माझ्याच बाजूने जातो असे मला वाटते, कारण घोडा ठेवायचा म्हणजे त्याच्याकडे नीट पाहायचे. व्यर्थ खटाटोपाबद्दल बोलताना ‘मेलेल्या घोड्याला’ इंग्रज चाबूक मारतो, डच माणूस त्याला ओढतो. एकाच्या हातात राग आहे, दुसऱ्याच्या खांद्यावर थकवा. दान मिळालेल्या घोड्याचे तोंड तपासू नये, ही म्हण दोन्हीकडे सारखी आहे, आपल्याकडे तेथे ‘धर्माची गाय’ येते. परंतु डच म्हणीत घोड्याच्या तोंडाला ‘बेक’, म्हणजे जनावराचे तोंड, म्हणतात, तर घोडे पाळणारी डच माणसे आदराने ‘मोंट’ हा माणसाच्या तोंडाचा शब्द वापरतात. कादंबरीतला घोडेवाला ही म्हण उच्चारत असेल, तर त्याच्या तोंडी मी ‘मोंट’ घालीन, म्हण किंचित मोडली तरी.

पाणचक्की
मी ‘बेक’च ठेवीन. म्हण बोलताना घोडेवालाही सर्वांची भाषा बोलतो.