प्रतिसाद: ट्रायपॉडच्या पायांत शिरलेली वाळू
कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या पायांचे लॉक फिरवताना करकर येत असेल तर सांध्यात डब्ल्यूडी-४० फवारावे, असा सल्ला वर आला आहे. त्याला माझी हरकत आहे. ते द्रव्य ओल हटवते, जुने वंगणही सैल करते, पण आत अडकलेली वाळू बाहेर काढत नाही, उलट तिचा चिकट लगदा करते. कोकणच्या किनाऱ्यावरून परतल्यावर पाय उघडण्याला पर्याय नाही. फिरकीच्या लॉकची, म्हणजे पायाची लांबी पक्की करणाऱ्या सांध्याची, रिंग पूर्ण सोडवून पायाची आतली नळी हळूच बाहेर ओढली, की बहुतेक मॉडेलांत तिच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या दिसतात. त्या निसटण्याआधी कोणती कुठे आणि कशी बसली होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि तिन्ही पाय एकदम खोलण्याचा मोह टाळावा. आटे कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासावेत, गोड्या पाण्याने धुवून सावलीत पूर्ण वाळवावेत आणि मगच आट्यांवर, फक्त आट्यांवर, लिथियम ग्रीसचा पातळ हात फिरवावा. सारी पकड घर्षणाची असल्याने पट्ट्यांना किंवा नळीला ग्रीस लागले, तर कॅमेऱ्याच्या वजनाने पाय खाली सरकू लागतो. बॉल हेडच्या, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवणाऱ्या वरच्या भागाच्या, गोळ्यालाही याच कारणाने तेल लावू नये. कोरडे फडके पुरते. ट्रायपॉड पाण्यात उभा करायचाच असेल, तर वरचे जाड भाग आधी उघडण्याची एरवीची सवय मोडून सर्वांत खालचा बारीक भाग आधी पूर्ण उघडावा, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतात आणि हा खटाटोप बराचसा वाचतो.